होडीचं रेझिन बासवर कसं आलं

फ्रेटलेस, म्हणजे बिनपडद्याच्या, बास गिटारच्या फिंगरबोर्डवर (तारांखालच्या लाकडी पट्टीवर) इपॉक्सी या रेझिनचा टणक, काचेसारखा थर देतात, हे बास वाजवणाऱ्या बहुतेकांना माहीत असतं. पण चांगल्या शिसवी लाकडावर असं काही ओतायची वेळ का आली, हे समजून घ्यायचं तर आधी तारांकडे बघावं लागतं.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेल्या बासचं नाव ‘प्रिसिजन’ होतं. पट्टीवरच्या धातूच्या पडद्यांमुळे (फ्रेट) सूर नेमका लागतो, म्हणून ते नाव. त्या काळी बासवर चपट्या गुंडाळीच्या तारा सर्रास असत: पोलादी गाभ्यावर धातूची पातळ फीत गुंडाळलेली, बोटाला गुळगुळीत लागणारी. १९६१ मध्ये, पुढे रोलिंग स्टोन्स या रॉक बँडमध्ये गेलेल्या बिल वायमनने एका स्वस्तातल्या बासचे झिजलेले पडदे उपटले. नवे बसवायचा त्याचा विचार होता, पण बिनपडद्याचा आवाज आवडला आणि बास तसाच राहिला. १९६६ मध्ये अँपेग कंपनीने कारखान्यात तयार झालेला फ्रेटलेस बास विकायला काढला, १९७० मध्ये फेंडरनेही. चपट्या तारांखाली उघडं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, त्यामुळे थर देण्याची गरज कुणाला वाटण्याचं कारण नव्हतं.

ती गरज गोल गुंडाळीच्या, म्हणजे गाभ्यावर फितीऐवजी गोल तार गुंडाळलेल्या, तारांमुळे निर्माण झाली. द हू या बँडचा बासवादक जॉन एंटविसल आणि रोटोसाउंड ही इंग्लंडमधली तारांची कंपनी यांनी १९६६ मध्ये मिळून बासच्या अशा तारा घडवल्या. पियानोसारखा झळाळता, लांब टिकणारा आवाज त्यांनी दिला. पण या तारेवरून नख फिरवून बघा, बारीक कानस हाताला लागल्यासारखं वाटतं. पडद्यांच्या बासवर ही कानस धातूवर घासते. फ्रेटलेसवर ती थेट लाकडावर चालते, आणि सूर हलवायला बोट मागेपुढे डोलवलं की प्रत्येक हेलकाव्याला थोडं लाकूड खरवडून निघतं. काही महिन्यांत तारांखाली चर पडतात. चर पडला की तिथला सूर मरतो किंवा भलतीकडेच खरखरतो.

बासवादक जॅको पास्टोरियसला ही तारही हवी होती आणि बिनपडद्याची पट्टीही. तो फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमध्ये वाढला होता. कालव्यांचं, होड्यांचं शहर. त्याच्याकडे १९६२ चा फेंडर जॅझ बास होता. त्याचे पडदे लोण्याच्या सुरीने काढल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. मात्र जॅकोने स्वतः ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळी सांगितली आहे. पडद्यांच्या खाचा लाकडी लांबीने (पुट्टीने) बुजवल्या आणि त्यावर पेटिट कंपनीच्या पॉली-पॉक्सीचे, म्हणजे होड्यांसाठीच्या इपॉक्सीचे, थरावर थर दिले. खारं पाणी आणि ऊन सोसणारा पदार्थ रोटोसाउंडच्या तारा नक्की सोसेल, हा हिशेब मला फार शहाणपणाचा वाटतो. १९७६ मध्ये त्याचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी तो वेदर रिपोर्ट या जॅझ बँडमध्ये गेला, आणि तो गाणारा बास जगभर ऐकला गेला.

त्या आवाजाला बासवाले ‘म्वा’ म्हणतात. सूर छेडला की लगेच पूर्ण उमटत नाही, क्षणभराने फुलतो. तार पट्टीच्या अगदी जवळून, निमुळत्या फटीतून थरथरते आणि पृष्ठभागाला हलकेच चाटत जाते. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. तंबोऱ्याची जवारी याच तत्त्वावर बोलते. मिरजेचे कारागीर घोडीचा माथा घासून तार जिथे जेमतेम टेकवतात, तिथून स्वर उमलतो. टणक पृष्ठभाग वरचे स्वरांश कमी शोषतो, म्हणून इपॉक्सीवर ‘म्वा’ जास्त उजळ येतो. तरीही जॅकोचा आवाज डब्यातून विकत मिळतो असं मी म्हणणार नाही. ब्रिजजवळचा (घोडीजवळचा) पिकअप, म्हणजे तारेची थरथर टिपणारं उपकरण, आणि त्याची बोटं यांचा वाटा मोठा आहे.

इपॉक्सीचा शोध १९३०च्या दशकातला, स्विस रसायनतज्ज्ञ पिएर कास्तान यांचं काम त्यात मोलाचं. आपल्याकडे घरोघरी असणारं दोन ट्यूबचं अ‍ॅराल्डाइट याच कुळातलं. रेझिन आणि हार्डनर मिसळले की रेणू एकमेकांना कायमचे जखडतात.

तार बदलली की पट्टीही बदलावी लागते, हे सरोदने बासच्या कितीतरी आधी दाखवलं होतं. अफगाणी रबाबाला आतड्याच्या तारा आणि लाकडी पट्टी. त्यातून आलेल्या सरोदवर धातूच्या तारा चढल्या आणि लाकडाच्या जागी चकचकीत पोलादी पत्रा बसला. मींड त्या पत्र्यावरून घसरते.

जॅकोनंतर ही रीत कारागिरांकडे गेली. अमेरिकेतल्या पेडुला या बास बनवणाऱ्याने ‘बझ’ बासच्या आबनुसी पट्टीवर पॉलिएस्टरचा जाड थर दिला. काही जण सुपरग्लूचे पातळ हात देतात. अनेक जण वेस्ट सिस्टिम वापरतात, आणि तेही होडी बांधणाऱ्यांचंच इपॉक्सी. खरं कौशल्य ओतण्यानंतर लागतं: पट्टीच्या गोलाईचा ठोकळा घेऊन पॉलिश पेपरने तासन् तास सपाटी आणायची, कारण केसभर उंचवटाही तारेला अडवतो. थरावरही पुढे चर पडतातच. मग तो घासून पुन्हा भरता येतो, खालचं शिसव मात्र होतं तेवढंच राहतं.