ऑटोफोकस की मॅन्युअल? लेन्स भाड्याने नेण्याआधी एवढं वाचा

‘लेन्स फोकसच करत नाही’ ही तक्रार आमच्याकडे वरचेवर येते. तपासली की लेन्स बहुतेक वेळा ठणठणीत निघते. फोकस झालेला असतो, पण भलत्याच ठिकाणी. म्हणून ऑटो (फोकस कॅमेरा करतो) की मॅन्युअल (लेन्सवरची रिंग फिरवून आपण करतो) हे ठरवण्याआधी एक करा: फोकस पॉइंट, म्हणजे चित्रात फोकस जिथे हवा ती जागा, कॅमेऱ्यावर सोडू नका, स्वतः निवडा.

लग्नाचंच घ्या. ८५ मिमीची लेन्स, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र; एफचा आकडा लहान तेवढं ते मोठं) एफ १.८, नवरी दोन मीटरवर. फुल फ्रेम (जुन्या फिल्मएवढा मोठा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारा भाग, असलेल्या) कॅमेऱ्यात जेमतेम ६ सेंटिमीटर खोलीचा भाग स्पष्ट येतो. कॅमेऱ्याला कडा आणि उठाव लागतो. तो मुंडावळ्यांच्या मोत्यांत भरपूर मिळतो. मग मोती लख्ख आणि डोळे धूसर! अशा वेळी एकच पॉइंट डोळ्यावर ठेवा किंवा एफ ४ वर या. खोली साधारण १३ सेंटिमीटर होते. लग्नात मॅन्युअलच्या नादी लागू नका, अक्षता पडायच्या क्षणी रिंग फिरवायला वेळ नसतो. वरात, खेळ, उडते पक्षी यांनाही सलग ऑटोफोकसच (हलणाऱ्या गोष्टीमागे सतत फोकस बदलत राहणारा) हवा. निकॉन-सोनीवर तो एएफ-सी, कॅननवर सर्वो.

मॅन्युअलची खरी गरज अगदी जवळून काढायच्या फोटोंना. कास पठारावर सीतेची आसवं ही इवली फुलं टिपायला मॅक्रो (अगदी जवळून फोटो काढायची) लेन्स नेणार असाल तर लक्षात ठेवा: फूल सेन्सरवर मूळ आकाराएवढं घेतलं, तर एफ ८ लाही खोली १ मिलिमीटरच्या आसपास राहते. वाऱ्याने फूल डुललं की ऑटोफोकस पुढेमागे धावत बसतो. रिंग एका जागी ठेवा, आपणच किंचित पुढेमागे व्हा आणि सलग फोटो घ्या. (फोटोसाठी पायवाट सोडून फुलांत उतरू नका, ही कळकळीची विनंती.)

ताऱ्यांचे फोटोही मॅन्युअलवरच. रिंग अनंताच्या खुणेवर नेऊन भागत नाही, बऱ्याच लेन्स त्याच्याही पुढे फिरतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) ठळक तारा मोठा करून पाहा, तो सर्वांत बारीक दिसेल तिथे थांबा आणि रिंगवर चिकटपट्टी लावा. जाळी, काच, कोरी भिंत असेल तरही हाताने फोकस केलेला बरा.

जुनी लेन्स घेणाऱ्यांसाठी: निकॉन डी३५००, डी५६०० यांच्या बॉडीत (लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात) फोकसची मोटर नाही. ५० मिमी एफ १.८ डी ही लेन्स त्यांवर बसते, पण फोकस हातानेच करावा लागतो. स्वस्त मिळाली म्हणून घाई करू नका, आधी बॉडी दुकानात आणून लावून बघा.

आणि साध्या किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबतच मिळणारी) रिंग, बटण एएफवर (ऑटोफोकसवर) असताना, जोर लावून फिरवू नका, आतले गिअर खराब होतात. आधी बटण एमएफवर (मॅन्युअलवर) घ्या.