घाम नव्हे, रंग कुसलाय

गेल्या पावसाळ्यात आमच्या अकरा वर्षांच्या गाडीचं स्टिअरिंग हाताला चिकटू लागलं. पूर्ण चाक नव्हे, बटणांभोवतीच्या काळ्या पट्ट्या तेवढ्या. ओल्या फडक्यानं पुसलं, साबणाच्या पाण्यानं पुसलं, चिकटपणा जैसे थे. घरच्या ग्रुपवर टाकलं तर तासाभरात टाल्कम पावडर, खोबरेल आणि लिंबू असे तीन उपाय आले. निदानावर मात्र सगळ्यांचं एकमत: तुझ्या हाताला घाम फार येतो. गोव्यात, फोंड्यातल्या मिस्त्रीनं पट्टीवर एकदा बोट टेकवलं आणि कोकणीत म्हणाला, "हो घाम न्हय, रंग कुसला." म्हणजे हा घाम नव्हे, रंग कुजलाय.

मिस्त्रीचं खरं होतं, आणि पुरावा गाडीतच होता. डॅशबोर्डवरच्या कप्प्याच्या झाकणाची आतली बाजू, जिथे वर्षानुवर्षं कुणाचा हात लागत नाही, तीही तितकीच चिकट झाली होती. हाताचं तेल आणि सॅनिटायझर हा थर मऊ करतात हे खरं, पण मूळ गुन्हेगार ते नव्हेत. गुन्हेगार हवेतलं पाणी.

त्या पट्ट्या साध्या काळ्या प्लास्टिकच्या असतात. मखमली स्पर्श यावा म्हणून त्यांवर पॉलियुरेथेनचा पातळ, रबरासारखा थर फवारतात. पॉलियुरेथेन 1937 साली जर्मनीत ऑटो बायर यांनी शोधलं. (ते बायर कंपनीतच होते, पण संस्थापकांच्या घराण्यातले नव्हते, निव्वळ आडनावबंधू.) हा थर म्हणजे रापणीचं जाळं समजा. लांब, लवचिक दोऱ्या आणि त्यांना बांधणाऱ्या गाठी. दोऱ्या लवचिक म्हणून थर मऊ लागतो, गाठी पक्क्या म्हणून तो वाहून जात नाही.

गाठी चिवट असतात. दगा देतात त्या दोऱ्या. अशा बऱ्याच रंगांत त्या पॉलिएस्टरच्या असतात, म्हणजे दोरीत थोड्या-थोड्या अंतरावर एस्टर बंध. दहावीतला प्रयोग आठवा: अल्कोहोल आणि ॲसिटिक आम्ल, त्यात तीव्र सल्फ्युरिक आम्लाचे थेंब, ऊन पाण्यात परीक्षानळी, आणि वर्गभर फळासारखा गोड वास. आम्ल अधिक अल्कोहोल बरोबर एस्टर अधिक पाणी. परीक्षेत आपण बाण एकाच दिशेनं काढतो, निसर्ग तो उलटाही चालवतो. एस्टरला पाणी भेटलं की बंध तुटतो आणि पुन्हा आम्ल व अल्कोहोल हाती येतं. याला जलापघटन म्हणतात. त्यासाठी पाणी ओतावं लागत नाही, वाफेचे रेणू थरात सहज शिरतात.

आता माझा आवडता भाग. प्रत्येक तुटलेल्या बंधापाशी एक आम्लाचं टोक तयार होतं, आणि आम्ल हेच या क्रियेचं उत्प्रेरक. म्हणजे पहिली दोरी तुटली की ती शेजारची दोरी तोडायला मदत करते, त्या दोघी पुढच्या चौघींना. क्रिया स्वतःचा उत्प्रेरक स्वतःच बनवते. म्हणून अशा वस्तू कित्येक वर्षं ठणठणीत दिसतात आणि मग एकाच पावसाळ्यात शरणागती पत्करतात. दोऱ्या पुरेशा तुटल्या की जाळ्याचं जाळेपण जातं. उरलेले आखूड तुकडे एकमेकांवरून घसरतात, काकवीसारखे बोटाला लागतात. त्यात उष्णतेची भर. ढोबळ नियमानं तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग दुप्पट होतो. आपल्याकडे जुलैत ओली छत्री आणि ओले मॅट घेऊन काचा बंद केलेली गाडी, मधेच तासभर कडक ऊन. याहून चांगली भट्टी प्रयोगशाळेतही सापडायची नाही.

दोऱ्या पॉलिइथरच्या केल्या तर पाण्याला दाद देत नाहीत, पण मग उन्हातला ऑक्सिजन त्यांना खातो. पॉलिकार्बोनेटच्या दोऱ्या दोन्ही सोसतात, पण महाग पडतात. कुठे पैसे वाचवले गेले असतील ते ओळखा.

कपाटात ठेवलेल्या बुटांचे तळ न वापरताच तुकडे-तुकडे होतात ते याच कुळातलं. 1970-80 च्या दशकातल्या स्टुडिओच्या ध्वनिफिती चिकट होण्यालाही हेच जबाबदार धरलं जातं. त्या फिती पन्नासेक अंशांवर काही तास भाजतात, तेव्हा कुठे एकदा वाजवून नक्कल करता येते.

म्हणूनच लिंबाचा उपाय सर्वांत वाईट. लिंबू म्हणजे आम्ल, आणि आम्ल कुणाच्या बाजूनं आहे ते वर आलंच. माडाच्या सुरेचा व्हिनेगरही त्याच पक्षातला. दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरची बंपरला बांधता ते बांधा, रसायनशास्त्राला ती दिसतही नाही. पण रस स्टिअरिंगला चोळू नका. "नॅनो" लिहिलेल्या महागड्या फवाऱ्यांचीही तीच गत. तुटलेली दोरी कुठलाही फवारा पुन्हा जोडत नाही.

करायचं एकच, कुसलेला थर संपूर्ण काढायचा. पण आधी सावधगिरी. चाकाच्या मधोमध एअरबॅग असते. भारतात 1 जुलै 2019 पासून नव्या गाड्यांना चालकाची एअरबॅग सक्तीची आहे, त्याआधीच्याही अनेक गाड्यांत ती आहे. बॅटरीचं निगेटिव्ह टोक सोडवून पुस्तिकेत दिलाय तेवढा वेळ थांबायचं. एअरबॅगच्या पिवळ्या जोडणीला हात लावायचा नाही, मल्टिमीटर तर मुळीच नाही. पट्टी नुसत्या क्लिपांवर असेल तर जुन्या एटीएम कार्डानं अलगद उचकटते. एअरबॅग काढल्याशिवाय ती निघत नसेल तर काम सर्व्हिस सेंटरचं. (एअरबॅगलाही दमट हवा बाधू शकते. ताकाता या जपानी कंपनीच्या इन्फ्लेटरमधलं, म्हणजे एअरबॅग फुगवणाऱ्या डब्यातलं, अमोनियम नायट्रेट वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं बिघडलं, डबे फुटून धातूचे तुकडे उडाले, माणसं मेली. अमेरिकेत सदोष गाड्या परत बोलावण्याच्या सुरुवातीच्या काही फेऱ्या मुद्दाम फ्लोरिडा-हवाईसारख्या दमट भागांतल्या गाड्यांसाठीच होत्या.)

थर काढायला आयसोप्रोपिल अल्कोहोल, सुती फडकं, हातमोजे आणि उघडी खिडकी. आधी मागच्या बाजूला एका कोपऱ्यात पाहून घ्या. थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यातलं ॲसिटोन खालचं एबीएस प्लास्टिकच विरघळवतं. एका मित्रानं फेणी सुचवली. तिच्यात अल्कोहोल 42.8 टक्के, उरलेलं जवळजवळ सगळं पाणी. चिकट पट्टीपेक्षा तिचे अधिक चांगले उपयोग आहेत. अर्ध्या तासात तीन फडकी काळी झाली आणि खालून स्वच्छ, कोरडं प्लास्टिक निघालं.

तिथेच थांबायला हवं होतं. पण चवथीची सुट्टी होती. 600 नंबरचा वॉटर पेपर फिरवला, प्लास्टिकचा प्रायमर मारला, वर काळा लॅकर फवारला. पाच मिनिटांत पट्टीवर दुधासारखी साय. पुन्हा दोष पाण्याचा, पण यावेळी भौतिकशास्त्राच्या मार्गानं. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, माठासारखं. हवा 28 अंशांची आणि आर्द्रता 90 टक्के असेल तर दवबिंदू 26 अंशांच्या किंचित वर असतो. म्हणजे पट्टी दोन अंशांनी थंड झाली की तिच्यावर दव पडतं आणि ओल्या रंगातच अडकतं. जानेवारीतल्या दुपारी 32 अंश आणि 50 टक्के आर्द्रता धरा: दवबिंदू 20 च्या आसपास, बारा अंशांची मोकळीक. रंगारी पावसात सावकाश उडणारा रिटार्डर थिनर मिसळतात तो यासाठीच, हे मला मिस्त्रीनं नंतर सांगितलं, हसत हसत.

रंग पुन्हा खरवडला, पट्ट्या डब्यात तांदळाच्या पुरचुंडीसोबत ठेवल्या आणि जानेवारीत अंगणात एका दुपारी काम उरकलं. मखमल गेली, साधा मॅट काळा रंग आला. कप्प्याचं झाकण अजून तसंच आहे. परवा त्याला आरटीओचा एक कागद चिकटून बसला, आणि सोडवताना त्यावरचा निम्मा शिक्का झाकणावरच राहिला.