डायबेटिसची इंजेक्शनं आणि बाकीची औषधं

डायबेटिसचं इंजेक्शन घेणारा माणूस सहसा तेवढं एकच औषध घेत नसतो, सोबत बीपीची गोळी असते, थायरॉइडची असते, मधेच अँटिबायोटिकचा कोर्स होतो, आणि ही औषधं एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करतात, त्यालाच ड्रग इंटरॅक्शन म्हणतात. इंजेक्शनं मुख्यतः दोन प्रकारची. एक इन्सुलिन, जे १९२२ पासून पेशंटना दिलं जातंय, आणि दुसरी जीएलपी-१ गटातली (जीएलपी-१ या आतड्यातल्या हार्मोनसारखं काम करणारी), म्हणजे लिराग्लुटाइड, सेमाग्लुटाइड वगैरे, टिर्झेपटाइडही त्यांच्याच जवळचं.

इन्सुलिनच्या बाबतीत सगळ्यात जास्त घोळ स्टेरॉइडमुळे होतो. सकाळी प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी घेतली की उपाशीपोटीची शुगर बऱ्याचदा ठीकच दिसते पण दुपारनंतर चढायला लागते आणि संध्याकाळी चांगलीच वर जाते, त्यामुळे फक्त सकाळी तपासणाऱ्याला काही कळतच नाही. मग डॉक्टर इन्सुलिन वाढवतात, ते बरोबरच. खरी भीती पुढे आहे. स्टेरॉइड हळूहळू कमी होत जातं आणि वाढवलेलं इन्सुलिन मात्र तसंच चालू राहतं, कारण ते परत खाली आणायचं कुणाच्या लक्षातच येत नाही, आणि मग शुगर एकदम लो होते. नवीन गोळी सुरू करताना सगळे विचारतात, बंद करताना कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते या विषयातली सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच आहे.

बीटा ब्लॉकर, म्हणजे बीपी आणि हृदयासाठी देतात त्या काही गोळ्या, त्यांचं वेगळंच. शुगर ७० मिलिग्रॅमच्या खाली गेली की एरवी धडधडतं, हात थरथरतात, या गोळ्या नेमकी तीच लक्षणं दाबतात, विशेषतः प्रोप्रॅनोलॉलसारख्या. घाम मात्र येतोच, म्हणून अशा पेशंटने विनाकारण दरदरून घाम सुटला की आधी शुगर बघावी. लो झालीच आणि माणूस शुद्धीवर असेल तर साधारण १५ ग्रॅम ग्लुकोज देऊन १५ मिनिटांनी परत तपासतात. पण अकार्बोज ही डायबेटिसची गोळी चालू असेल तर साखर खाऊन लवकर फरक पडत नाही, कारण ती गोळी आतड्यात साखर फोडूच देत नाही, तिथे थेट ग्लुकोजच लागतं.

ग्लिमेपिराइडसारख्या डायबेटिसच्या गोळ्या इन्सुलिनसोबत किंवा जीएलपी-१ सोबत असतील तर लो व्हायचा धोका वाढतो. पायोग्लिटाझोन ही डायबेटिसचीच गोळी आणि इन्सुलिन एकत्र असेल तर अंगात पाणी साठतं, पाय सुजतात, हार्ट फेल्युअरवाल्यांना तर हे फार जड जातं. दारूमुळे लिव्हरचं नवीन ग्लुकोज बनवणं मंदावतं, म्हणून उपाशीपोटी प्यायलेल्याची शुगर कित्येक तासांनी, झोपेत उतरू शकते. लिव्होफ्लॉक्सासिनच्या गटातली अँटिबायोटिक्स शुगर वरही नेतात आणि खालीही.

जीएलपी-१ चा प्रकार निराळा आहे, ही औषधं पोट रिकामं व्हायचा वेग कमी करतात, त्यामुळे तोंडाने घेतलेली गोळी आतड्यात उशिरा पोचते. बहुतेक गोळ्यांना याने फारसा फरक पडत नाही, काहींना पडतो. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर ४ आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर पुन्हा ४ आठवडे, गर्भनिरोधक गोळीवर एकटीवर भरवसा ठेवू नये, सोबत कंडोमसारखं दुसरं साधन वापरावं असं सांगितलेलं आहे, आणि ही गोष्ट प्रत्येक बाईला स्पष्ट शब्दांत सांगितलीच पाहिजे. वॉरफरिन हे रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी तपासणी, जास्त वेळा करतात. ऑपरेशन ठरलं असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे इंजेक्शन चालू असल्याचं सांगायचंच, कारण उपाशी राहूनही पोटात अन्न उरलेलं असू शकतं. सिटाग्लिप्टिनसारखी डायबेटिसची गोळी जीएलपी-१ सोबत देण्यात अर्थ नसतो, दोघांचा रस्ता एकच.

आणि कधीकधी औषध शुगर बदलत नाही, मशीनचा आकडा बदलतं. दंडावर लावायच्या, शुगर सतत मोजणाऱ्या काही सेन्सरमध्ये व्हिटॅमिन सीचा मोठा डोस, काहींमध्ये जास्त पॅरासिटामॉल घेतलं की रीडिंग खऱ्यापेक्षा वर दिसतं, आणि त्या आकड्यावर इन्सुलिन मारलं तर पंचाईत. अंगाला जाणवतंय ते आणि स्क्रीनवरचा आकडा जुळत नसेल तर डोस घ्यायच्या आधी बोटातून थेंब काढून मीटरवर बघायचं.