मावशीच्या घरावरची अकरा संकटं

मासा मेला की मावशी म्हणायची, "घरावर काहीतरी येणार होतं, ते त्यानं स्वतःवर घेतलं." मग काका त्याला तुळशीशेजारच्या कुंडीत पुरायचे आणि रविवारी नवा मासा यायचा. एका वर्षात अकरा गेले. म्हणजे तिच्या हिशेबानं पिंपरी-चिंचवडमधल्या त्या टू-बीएचकेवर बारा महिन्यांत अकरा संकटं आली आणि सगळी दिवाणखान्यातच अडवली गेली.

वास्तुवाल्यानं नऊ मासे सांगितले होते, आठ सोनेरी आणि एक काळा. काचेच्या गोल भांड्यात, म्हणजे बोलमध्ये, नऊ मावत नाहीत म्हणून मावशी दोन-दोन आणायची. पण खरं कारण वास्तूपेक्षा सोय हे होतं. गुडघ्यांमुळे कुत्रा फिरवणं जमायचं नाही, मांजर सोफ्याला नखं लावतं, आणि घरात काहीतरी जिवंत हलतं-डुलतं तर हवं. "मासा काय, दोन दाणे टाकले की झालं!"

एका शनिवारी मी तिथे होतो. तिनं चहाच्या गाळणीनं दोन्ही गोल्डफिश स्टीलच्या पातेल्यात काढले, बोल घासून आरशासारखा केला, निळे-गुलाबी खडे तीन पाण्यांतून खळबळून घेतले आणि नळाचं ताजं पाणी भरलं. दर आठवड्याला ती हे निगुतीनं करायची. आणि मासे जायचे ते बहुतेक बुधवारी नाहीतर गुरुवारी. काका म्हणायचे, "गुरुवारी गेला, पुण्यवान होता." मला मात्र वार खटकला. शनिवारपासून चौथा-पाचवा दिवस, दर वेळी.

आपण प्रथिनं खातो तेव्हा त्यातला नको असलेला नायट्रोजन शरीराबाहेर टाकावा लागतो. तो आधी अमोनियाच्या रूपात निघतो आणि अमोनिया विषारी असतो. सस्तन प्राणी थोडी ऊर्जा खर्चून त्याचा युरिया करतात. पक्षी त्याचं यूरिक आम्ल करतात. कावळ्यानं गाडीच्या काचेवर सोडलेला पांढरा डाग म्हणजे मुख्यतः तेच. मासा यातलं फारसं काही करत नाही. आजूबाजूला पाणीच पाणी आहे, तर तो अमोनिया सरळ कल्ल्यांतून सोडून देतो. नदीत हे ठीक आहे. पाच लिटरच्या बोलमध्ये तो रोज आपल्याच सांडपाण्यात श्वास घेत असतो.

मावशीची चिमूट मी सोन्याचांदीच्या छोट्या काट्यावर ठेवून पाहिली. सकाळ-संध्याकाळ मिळून ०.३ ग्रॅम खाद्य. अशा खाद्यात साधारण ४० टक्के प्रथिनं धरली तर झाली ०.१२ ग्रॅम. प्रथिनांत सुमारे १६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे १९ मिलिग्रॅम. त्यातला निम्म्याहून थोडा जास्त अमोनिया होऊन पाण्यात येतो, समजा ११ मिलिग्रॅम. पाण्याचे लिटर पाच. म्हणजे दर लिटरला रोज दोन मिलिग्रॅमची भर, आणि चौथ्या दिवशी आठ.

आता यात एक मेख आहे. पाण्यातला अमोनिया दोन रूपांत असतो. एक रूप माशाला फारसं बाधत नाही, दुसरं जाळतं. कुठलं किती, हे बरंचसं पाण्याच्या सामूवर, म्हणजे पीएचवर ठरतं. सामू ७ असेल तर २५ अंश तापमानाला जाळणारा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. सामू ८ झाला की तोच जवळजवळ ५ टक्के होतो. मावशीच्या सोसायटीत महापालिकेचं आणि बोअरचं पाणी टाकीत एकत्र होतं. बोअरचं पाणी जड, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं, सामू आठच्या घरातला. आठ मिलिग्रॅमचे ५ टक्के म्हणजे ०.४ मिलिग्रॅम. मत्स्यशेतीवाले ०.०५च्या पुढे गेलं तरी कपाळाला आठ्या घालतात, कारण तिथून कल्ल्यांना इजा व्हायला लागते. बाहेर इतका अमोनिया साठला की शरीरातलाही नीट बाहेर पडत नाही, रक्तातच राहतो. बुधवारी मासा वर येऊन तोंडानं पाण्याचा पृष्ठभाग टोचत असायचा. मावशीला वाटायचं भूक लागलीय. आणखी एक चिमूट.

मग नदीत, तळ्यात, दुकानातल्या टाकीत हा अमोनिया जातो कुठे? तो खाल्ला जातो. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करून त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. नायट्राइटही वाईटच, ते माशाच्या रक्तातलं हिमोग्लोबिन निकामी करून रक्त तपकिरी करतं. पण दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. पाणवनस्पतींना तर ते खतच. सर्गेई विनोग्राडस्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास हे जिवाणू वेगळे करून दाखवले. तेव्हापासून शंभरावर वर्षं सगळे धरून चालले होते की हे दोघांचं काम आहे, एकानं अर्धं करायचं, दुसऱ्यानं पुरं. २०१५ साली दोन संशोधक गटांनी एकाच वेळी जाहीर केलं की नायट्रोस्पायरा कुळातले काही जिवाणू दोन्ही टप्पे एकटेच उरकतात. त्यांतल्या एका गटाला हे जिवाणू सापडले होते मासे पाळण्याच्या टाक्यांचं पाणी गाळणाऱ्या यंत्रणेत! फिशटँकच्या गाळात जीवशास्त्राच्या पुस्तकाचं पान बदलायला लावणारा जीव बसला होता, याचा मला अजूनही मनापासून आनंद होतो.

हे जिवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते खड्यांवर, काचेवर, फिल्टरच्या स्पंजवर बुळबुळीत थर धरून राहतात. मावशी दर शनिवारी घासून काढायची तो नेमका हाच थर. वर नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उरलेल्यांचा निकाल लावायचं. आणि हे जिवाणू वाढतात गोगलगायीच्या गतीनं. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यांना दिवसभराच्या आसपास वेळ लागतो. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला महिना-दीड महिना जातो. मावशीनं त्यांना कधी आठवड्याच्या वर मुदत दिली नव्हती.

बिनकष्टाचा प्राणी शोधताना लोक प्राण्याकडे बघतात. माझ्या मते आधी बघायला हवं की त्याची घाण कोण काढणार. कुत्र्याची तुम्ही काढता, मांजराचीही तुम्हीच, फक्त वाळूतून. माशाची जिवाणू काढतात, फुकट आणि चोवीस तास, पण त्यांना राहायला जागा दिली तर. म्हणून दुकानात ऐकू येणारा सल्ला मला उलटा वाटतो. "पहिल्यांदाच घेताय, तर छोटा बोल घ्या." पाच लिटरच्या बोलला पन्नास लिटरच्या टाकीपेक्षा कितीतरी जास्त देखभाल लागते. जास्त पाण्यात विष हळू साचतं, तापमान हळू बदलतं, चूक सुधारायला दिवस मिळतात. गोल बोल गळ्यापर्यंत भरला तर हवेला भिडणारा पृष्ठभागही आक्रसतो आणि ऑक्सिजन विरघळायला वाव राहत नाही. मुळात २५ अंशाच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम आठ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, तेवढ्याच हवेत याच्या तीसपट असतो. रोम शहरानं २००५ साली गोल बोलमध्ये मासे ठेवायलाच बंदी घातली. आपल्याकडे वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून पिशवीत गोल्डफिश देणारे आईबाप मी पाहिलेत.

गोल्डफिश तर बोलसाठी सगळ्यात चुकीचा मासा. तो कार्पच्या कुळातला. नीट ठेवला तर वीतभर वाढतो आणि दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. इंग्लंडमध्ये १९५६ साली जत्रेत जिंकलेला टिश नावाचा एक गोल्डफिश १९९९ मध्ये, ४३ वर्षांचा होऊन गेला. मावशीकडचे थोड्या दिवसांचे पाहुणे याच जातीचे.

"मग फायटर घे ना, तो तर बरणीतही राहतो," असं कुणीतरी सुचवतंच. फायटर म्हणजे बेट्टा, थायलंडचा. तिथल्या सरकारनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. त्याच्या डोक्यात कल्ल्यांच्या वर घड्यांचं एक खास इंद्रिय असतं, त्यामुळे तो वर येऊन थेट हवा घेऊ शकतो. उथळ, कोंदट पाण्यात ही मोठीच सोय. पण तिचा अर्थ लोक भलताच लावतात. हवेनं ऑक्सिजनचा प्रश्न सुटतो, अमोनियाचा नाही. बरणीतला फायटर गुदमरत नाही, सावकाश जळतो. शिवाय त्याला २४ ते २८ अंशांचं पाणी लागतं, आणि डिसेंबरात ओट्यावरची बरणी रातोरात गार पडते.

इतर पर्यायांचं थोडक्यात सांगतो. पोपट नाही, आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणं १९७२च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, आजोबांकडे होता तरीही. 'लकी' म्हणून विकलं जाणारं चांदण्यांचं कासवही त्याच कायद्यात येतं. लाल कानपट्टीचं परदेशी कासव दुकानात मिळतं खरं, पण हातावर मावणारं ते पिल्लू पुढे थाळीएवढं होतं, दोन-तीन दशकं जगतं, आणि त्याच्यापासून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरतो म्हणून अमेरिकेनं १९७५ मध्ये चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी आणली. मोठं झालं की लोक रात्री तळ्यात सोडून येतात, तिथल्या देशी जीवांच्या मुळावर. लव्हबर्ड म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते बजरीगर पाळायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्यांना रोज ताजं पाणी, रोज दाणे आणि रोज झाडू लागतो.

मासा इथेच जिंकतो. त्याला शरीर गरम ठेवायचं नसतं. तेवढ्याच वजनाच्या उंदराच्या मानानं माशाला दहाव्या हिश्शाहूनही कमी ऊर्जा पुरते. म्हणून मोठा, धडधाकट मासा आठवडाभर उपाशी राहिला तरी त्याचं काही बिघडत नाही. याची खरी परीक्षा गणपतीत होते. मावशीचं सासर गुहागरकडचं, दरवर्षी आठ दिवस घराला कुलूप. त्या वर्षी तिनं किल्ली शेजारच्या काकूंना दिली होती आणि काकूंनी माया केली. सकाळी चिमूट, दुपारी चिमूट, नैवेद्याच्या मोदकातला एक कणही. मासे उपासानं नाही, पाहुणचारानं गेले. दहावं आणि अकरावं संकट ते.

त्यानंतर आम्ही नव्यानं मांडामांड केली. पन्नास लिटरची चौकोनी टाकी, हवेच्या पंपावर चालणारा साधा स्पंज फिल्टर, तळाला नदीतले बारीक खडे, हायड्रिला या पाणवनस्पतीच्या काड्या आणि बाजूनं पाण्यात मुळं सोडलेला मनी प्लांट. जिवाणूंचं विरजण म्हणून मित्राच्या जुन्या टाकीतला मळका स्पंज पिळून घातला. मावशीनं तेव्हा नाक दाबलं होतं. पहिला महिना दोनच गप्पी. मग आणखी चार.

गप्पी हा मासा दिसतो किरकोळ, पण आहे चिवट. मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा, त्रिनिदादमधल्या गप्पी नावाच्या हौशी निसर्गअभ्यासकानं १८६६ च्या सुमारास काही नमुने लंडनला पाठवले, त्यावरून हे नाव. आपल्या महापालिकांचा हिवताप विभाग डासांच्या अळ्या खायला विहिरींत आणि टाक्यांत सोडतो तो हाच. त्याला जड पाणी मानवतं, त्यामुळे बोअरचा सामू बदलण्याचा खटाटोप नको. मादी अंडी न घालता पिल्लंच देते, साधारण दर महिन्याला, आणि एकदा नर भेटला की पुढचे कित्येक महिने ती नराशिवायही पिल्लं देऊ शकते. सहाचे किती झाले ते मावशीला सांगता येत नाही. ती डब्यातून वाटते, लोणच्यासारखे. फक्त ओढ्यात किंवा नदीत सोडायचे नाहीत, एवढं मी तिला बजावलंय; तिथे डोक्यावर चांदीचा ठिपका मिरवणारे आपले देशी मासे आधीच अळ्या खात असतात.

काम आता आठवड्याला वीस मिनिटांचं. पाव टाकी पाणी काढायचं, आदल्या दिवशी बादलीत भरून ठेवलेलं घालायचं म्हणजे क्लोरीन उडून गेलेलं असतं. महिन्यातून एकदा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, नळाखाली नाही. वीज जाऊन पंप थांबला तर दोन-तीन तास कुणाचं काही बिघडत नाही. फार वेळ गेला तर स्पंजातले जिवाणू हवेविना गुदमरतात, म्हणून काकांनी इन्व्हर्टरची एक पिन तिकडे ओढली आहे.

वास्तूचा मुद्दा मावशीनं सोडला नाही. टाकी ईशान्येलाच हवी, आणि तिच्या घरात ईशान्येला खिडकी. सकाळचं ऊन येतं, काचेवर हिरवं शेवाळ धरतं. ते ती मुदत संपलेल्या एटीएम कार्डानं खरवडते, पण फक्त समोरच्या काचेवरचं. बाकीचं राहू देते, कारण आता तिला माहीत आहे तिथे कोण राहतं. काळ्या माशाचा हट्टही मी मान्य केला. गप्पीच्याच नात्यातली काळी मॉली आणली, तिलाही जड पाणी चालतं. दीड वर्ष झालं. परवा फोनवर मावशी म्हणाली, "काळी अजून आहे रे. घरावर काही येतच नाही की काय?"