पार्श्वभूमी: ‘फोन अनलॉक करून द्या’ म्हणजे नक्की काय मागितलं होतं?

मोबाईल रिपेअरिंगच्या दुकानावर ‘लॉक काढून मिळेल’ अशी पाटी असते. पॅटर्न विसरलेला फोन काउंटरवर ठेवला की आतला मुलगा पहिल्यांदा विचारतो, डेटा गेला तर चालेल ना? कारण तो लॉक उघडतच नाही, फोन पुसून कोरा करून देतो. नेटवर्क अनलॉक आणखी वेगळं, त्यात एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला फोन मोकळा होतो. आणि पोलिसांना हवं असतं ते तिसरंच, आतलं काहीही न पुसता सगळं बाहेर आलं पाहिजे. तिन्हींना आपण अनलॉकच म्हणतो आणि २०१६ मध्ये अमेरिकन सरकार आणि आयफोनची कंपनी यांच्यात एका हल्लेखोराच्या फोनवरून जो वाद झाला, त्यातला निम्मा गोंधळ मला तरी या एका शब्दामुळे झालेला दिसतो.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. १९९३ मध्ये अमेरिकन सरकारने फोन कॉल एन्क्रिप्ट करणारी, म्हणजे तिसऱ्याला कळणार नाही अशा सांकेतिक रूपात बदलणारी एक चिप पुढे आणली होती, तिची चावी दोन भाग करून सरकारी खात्यांकडे ठेवायची असा बेत होता. पुढच्याच वर्षी एका संशोधकाने त्या चावीच्या व्यवस्थेला वळसा घालता येतो हे दाखवलं आणि १९९६ पर्यंत ती चिप गुंडाळली गेली. नंतर स्मार्टफोन आले, कोर्टाचा कागद आला की कंपन्या काही डेटा काढून द्यायच्या, कुणाला त्याचं फारसं काही वाटत नव्हतं. सप्टेंबर २०१४ मध्ये आयओएस ८ ही आयफोनची नवी सिस्टीम आली आणि आयफोन बनवणाऱ्या कंपनीने सांगितलं की आता पासकोडशिवाय लॉक फोनमधलं आम्हालाही काढता येणार नाही.

मग २ डिसेंबर २०१५, कॅलिफोर्नियातलं सॅन बर्नार्डिनो. गोळीबारात १४ माणसं गेली, हल्लेखोर नवरा-बायको त्याच दिवशी पोलिसांच्या गोळीबारात मेले. मागे राहिला एक आयफोन ५सी, तोही नवऱ्याच्या सरकारी ऑफिसने दिलेला. त्यांनी स्वतःचे फोन आधीच फोडून टाकले होते. तपास करणाऱ्या एफबीआयच्या, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेच्या सांगण्यावरून ऑफिसने त्याच्या क्लाउड अकाउंटचा पासवर्ड बदलला, आणि तिथेच एक रस्ता बंद झाला, कारण नाहीतर ओळखीच्या वायफायपाशी फोन नेऊन चार्जिंगला लावला असता तर कदाचित त्याने आपोआप नवा बॅकअप घेतला असता.

१६ फेब्रुवारी २०१६ चा कोर्टाचा आदेश नीट बघितला पाहिजे, कारण बातम्यांमध्ये सगळीकडे ‘फोन अनलॉक करून द्या’ एवढंच आलं. कंपनीकडे पासकोड नव्हता आणि तो कुणी मागितलाही नव्हता. मागितलं होतं एक खास सॉफ्टवेअर, ज्याने तीन गोष्टी व्हायला हव्या होत्या: दहा वेळा चुकल्यावर डेटा पुसायची सोय बंद पडावी, चुकीच्या प्रयत्नांनंतर फोन जो थांबायला लावतो ते थांबणं जावं, आणि कोड बोटाने न टाकता केबलमधून मशीनने टाकता यावा. आता हिशोब करा, चार आकडी कोडच्या शक्यता १०,०००, एक कोड तपासायला फोनला साधारण ८० मिलिसेकंद, म्हणजे पंधरा मिनिटांच्या आत काम संपलं. दार उघडायला सांगितलं नव्हतं, पहारेकऱ्याला झोपवायला सांगितलं होतं.

सरकारचं म्हणणं होतं की सॉफ्टवेअर याच एका फोनवर चालेल असं बांधा आणि हवं तर तुमच्याच इमारतीत वापरा. हे खरंच आदेशात होतं, मान्य करायला पाहिजे. पण आयफोन कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय सिस्टीम चालवत नाही, तेव्हा मागणी त्या सहीची होती, आणि एकदा सही करून दिली की पुढच्या फोनला नाही म्हणायला कारण काय उरतं? त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या एका सरकारी वकिलाकडे असे १७५ फोन पडून होते. शिवाय आधार घेतला होता कोर्टाला गरजेचे आदेश काढू देणाऱ्या १७८९ च्या एका कायद्याचा. तेवढ्यावर एखाद्या कंपनीला नसलेली वस्तू बनवायला लावता येते का, हा माझ्या मते सगळ्यात मोठा मुद्दा होता. ब्रुकलिनमध्ये ड्रग्जच्या केसमधल्या फोनसाठी तोच कायदा लावायला २९ फेब्रुवारीला तिथल्या न्यायाधीशांनी नकार दिला.

सॅन बर्नार्डिनोचा निकाल मात्र कधी लागलाच नाही. २२ मार्चच्या सुनावणीच्या आदल्या दिवशी सरकारने सांगितलं की बाहेरच्या कुणीतरी मार्ग दाखवलाय, २८ ला फोन उघडला आणि केस मागे घेतली. २०१८ च्या अंतर्गत चौकशीत निघालं की एफबीआयच्याच दुसऱ्या विभागाच्या ओळखीतला एक कंत्राटदार आधीच जवळपास ९० टक्के पोचला होता, कोर्टात जायच्या आधी त्या विभागाला कुणी धड विचारलंच नव्हतं. ज्यावर जवळपास दीड महिना अख्खं जग भांडलं त्याची ही गोष्ट वाचून मला अजून राग येतो.

त्यानंतर भांडण कोर्टातून उठून बाजारात गेलं. लॉक फोन उघडणारी छोट्या डब्याएवढी यंत्रं पोलिसांना विकली जायला लागली, २०१८ च्या जुलैत आयफोनने तासभर लॉक राहिल्यावर केबलचं पोर्ट डेटासाठी बंद करायला सुरुवात केली, आणि तेव्हापासून एकाने भोक पाडायचं दुसऱ्याने बुजवायचं असं चाललंय.

आपल्याकडे हा विषय ब्लॅकबेरी फोनपासून आहे, २६/११ नंतर त्यावरचे मेसेज वाचता यावेत म्हणून २०१० मध्ये सरकारने त्या कंपनीला मुदतच दिली होती. २०२१ मध्ये मेसेज पहिल्यांदा कुणी पाठवला ते शोधून द्या असा नियम आला. पासकोड द्यायची सक्ती करता येते का याचं उत्तर शोधताना आपली कोर्टं अजून १९६१ च्या निकालाकडे जातात, जो मुळात बोटांचे ठसे आणि हस्ताक्षराबद्दल होता.

आणि एक गोष्ट घरी करून बघा. फोन बंद करून चालू करा, तो बोट किंवा चेहरा घेत नाही, आधी कोडच मागतो, कारण तोवर आतल्या बहुतेक डेटाची चावी मेमरीत आलेलीच नसते. म्हणून जप्त केलेला फोन लॅबवाले बंद पडू देत नाहीत, चार्जरला लावून सिग्नल अडवणाऱ्या पिशवीत ठेवतात. २०२४ च्या आयओएस १८ मध्ये तीन दिवस न उघडलेला फोन स्वतःच रीस्टार्ट व्हायला लागला, पुढच्या वर्षी अँड्रॉइडमध्येही ते आलं. आता लॅबमध्ये फोन पोचला की पहिला प्रश्न असतो, शेवटचा कधी उघडला होता?