लाल पट्टा नसेल तर? सूचिपर्णी झाडांवरची दोन फसवी कवकं

स्प्रूसच्या किंवा पाइनच्या खोडातून फळीसारखं बाहेर आलेलं कवक दिसलं की पुष्कळजण आधी रंग बघतात. कडेला पांढरट, मधे लालकेशरी पट्टा, मागे खोडाकडे राखाडी-काळा भाग असा नमुना मिळाला तर प्रश्नच मिटला: ते फोमिटॉप्सिस पिनिकोला. पंचाईत अशी की हा पट्टा दरवेळी असतोच असं नाही. कोवळेपणी ते नुसता पिवळसर-पांढरा गोळा असतं आणि जुनं झालं की वरून सगळं काळपट. नेमकं तेव्हाच ते हेटेरोबेसिडियन ॲनोसम हे दुसरं कवक समजलं जातं, कारण त्याचीही पाठ, म्हणजे वरची बाजू, तपकिरी-काळी आणि कड पांढरी.

म्हणून मी रंग बाजूला ठेवून आधी जागा बघतो. फोमिटॉप्सिस खोडावर कुठेही येतं, अगदी उंचावरसुद्धा. उभ्या वठलेल्या झाडावर, आडव्या पडलेल्या ओंडक्यावर, बुंध्यावर. हेटेरोबेसिडियन जमिनीला धरून राहतं. खोड जिथे मुळांना मिळतं तिथे, मुळांच्या खालच्या बाजूला, बऱ्याचदा गळलेल्या सुयांच्या थराखाली पूर्ण दडलेलं. त्याचा आकारही धड नसतो. फोमिटॉप्सिस घोड्याच्या खुरासारखं जाड आणि भरीव, तर हे पातळ, वेडंवाकडं, कधी लाकडाला नुसतं चिकटून पसरलेलं.

तरीही शंका राहिली तर काडीपेटी काढायची. कवकाचा छोटा तुकडा कापून घ्या, वाळक्या सुयांपासून लांब जा (हे गमतीत सांगत नाही, राळेने भरलेला पालापाचोळा क्षणात पेटतो) आणि त्याच्या पाठीला पेटती काडी लावा. फोमिटॉप्सिसच्या पाठीवर राळेसारखा थर असतो. तो वितळतो, त्याला बुडबुडे येतात आणि तेवढी जागा ओली झाल्यासारखी चमकू लागते. हेटेरोबेसिडियनची साल नुसती करपते. ही युक्ती या दोघांपुरतीच ठेवा. पाठ वितळणारं प्रत्येक कवक फोमिटॉप्सिस नसतं.

माझा सगळ्यात जास्त भरवसा मात्र आतल्या लाकडावर. फोमिटॉप्सिस सेल्युलोज (लाकडातले बळकट धागे) खाऊन टाकतं आणि लिग्निन (त्या धाग्यांना सांधणारा कठीण घटक) बरंचसं मागे ठेवतं. लाकडाचा ताण पेलणारे धागेच गेले की उरलेलं तपकिरी लाकूड आडवं-उभं तडकतं, त्याचे चौकोनी ठोकळे पडतात आणि एखादा ठोकळा बोटांत चुरडला तर भुगा होतो. ही तपकिरी कूज. हेटेरोबेसिडियन लिग्निनही पचवतं. त्यामुळे लाकूड फिकट, मऊ, धाग्याधाग्यांचं होतं. त्यात पांढरे कप्पे आणि बारीक काळे ठिपके दिसतात. ही पांढरी कूज. ठोकळे की धागे, एवढं कळलं की निम्म्याहून जास्त काम झालं.

सूक्ष्मदर्शक असेल तर बीजाणूही (ज्यांतून नवं कवक उगवतं ते सूक्ष्म कण) बोलतात: फोमिटॉप्सिसचे गुळगुळीत आणि लांबट, दुसऱ्याचे गोलसर आणि बारीक खरखरीत.

एवढा खटाटोप कशाला? फोमिटॉप्सिस मुख्यतः मेलेल्या किंवा जखमी झाडाचं लाकूड कुजवतं; शेजारच्या धडधाकट झाडाला सहसा त्याची भीती नाही. हेटेरोबेसिडियनची गोष्ट वेगळी. त्याचे बीजाणू ताज्या तोडलेल्या बुंध्यावर पडतात, तंतू मुळांत उतरतात आणि मुळाला मूळ लागलं की शेजारच्या उभ्या झाडात शिरतात. मुळांच्या या रोगामागे हे कवक आहे हे जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट हार्टिग यांनी १८७४ मध्ये मांडलं. पुढे ब्रिटनमध्ये जॉन रिशबेथ यांनी १९६३ मध्ये उतारा दाखवला: तोडलेल्या बुंध्यावर फ्लेबिओप्सिस जायजँटिया हे दुसरं कवक लावायचं, म्हणजे ते आधीच जागा अडवून बसतं. काट्याने काटा काढायचाच प्रकार.

नावाबद्दलही एक सांगायला हवं. उत्तर अमेरिकेत ज्याला सरसकट पिनिकोला म्हणत, त्यात निरनिराळ्या जाती आहेत असं २०१९ मध्ये स्पष्ट झालं; त्यांतल्या एकीला कॅनडाच्या कवकशास्त्रज्ञ आयरीन माउन्स यांच्यावरून फोमिटॉप्सिस माउन्सी हे नाव मिळालं. त्यामुळे तिथला फोटो आणि युरोपातलं वर्णन जुळवत बसू नका.

आणि खोडावर लाल पट्टा स्पष्ट दिसला तरी लगेच पाठ फिरवू नये. वरचं फोमिटॉप्सिस नंतर आलेलं असू शकतं आणि झाड मारणारं कवक खाली सुयांत असू शकतं. बुंध्याभोवतीचा पाला हाताने बाजूला सारून बघा.