मज्जारज्जूवर पहारा, आणि आड येणारी भूल

मणक्याचं मोठं ऑपरेशन ठरलं की घरची माणसं सर्जन कोण ते विचारतात, खर्च विचारतात. भूल कुठल्या औषधाची देणार, हे सहसा कुणी विचारत नाही. पण ऑपरेशन चालू असताना मज्जारज्जू शाबूत आहे का, हे यंत्राला कळणार की नाही ते बरंचसं त्या औषधावरच ठरतं. या तंत्राची पन्नासेक वर्षांची वाटचाल पाहिली तर तिचा वेग यंत्रांपेक्षा औषधांनी ठरवला, असं मला वाटतं.

सुरुवात सळईपासून झाली. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे पॉल हॅरिंग्टन यांनी वाकडा कणा सरळ करणाऱ्या धातूच्या सळयांवरचं आपलं काम १९६२ साली प्रसिद्ध केलं. पण कणा ताणला की आतला मज्जारज्जूही ताणला जातो, आणि पाय गेलेत हे रुग्ण शुद्धीवर आल्यावरच कळायचं. त्यावर फ्रान्समधल्या स्टॅग्नारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ साली एक धाडसी तोडगा मांडला: ऑपरेशन चालू असतानाच रुग्णाला जागं करायचं. सळई बसली की भूल हलकी करायची. रुग्ण पालथा, पाठ उघडी. आधी सांगायचं, हाताची मूठ आवळा. मूठ आवळली म्हणजे त्याला ऐकू येतंय आणि समजतंय. मग सांगायचं, पाय हलवा. मूठ आवळली पण पाय हलला नाही, तर सळईचा ताण ताबडतोब कमी करायचा. चाचणी भरवशाची होती, पण ती एका क्षणापुरतीच. त्यानंतरच्या तासाभरात काय झालं, ते तिला कळत नसे.

सलग पहारा हवा होता. घोट्याजवळच्या नसेला विजेचे बारीक झटके द्यायचे आणि सुमारे ३७ मिलिसेकंदांनी मेंदूत उमटणारा प्रतिसाद डोक्यावरच्या तारांनी टिपायचा, ही पद्धत सत्तरच्या दशकात ऑपरेशन थिएटरात आली. हा प्रतिसाद एखाद-दोन मायक्रोव्होल्टचा, म्हणजे मेंदूच्या नेहमीच्या विद्युत गोंगाटात हरवून जाणारा. शेकडो प्रतिसाद एकावर एक रचून तो वर काढायची युक्ती लंडनच्या जॉर्ज डॉसन यांनी आधीच दाखवून दिली होती.

अडचण आली ती हॅलोथेनसारख्या वायुरूप भुलीची. ही औषधं मज्जातंतूंच्या सांध्यांवर, म्हणजे एक पेशी दुसरीला निरोप देते त्या जागी, काम करतात. घोट्यापासून मेंदूपर्यंतच्या वाटेवर असे सांधे अनेक, आणि मेंदूच्या पृष्ठभागावरचे सगळ्यांत नाजूक. वायू वाढवला की पडद्यावर दिसणारी प्रतिसादाची लाट बुटकी होते आणि उशिरा येते. नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या वायूनंही ती खचते. लाट निम्म्यावर आली की सर्जनला सावध करायचं, असा दंडक पडला खरा. पण ती सळईमुळे खाली आली की भूलतज्ज्ञांनी वायू वाढवल्यामुळे, हे लाटेवर लिहिलेलं नसतं. आणि एटोमिडेट, केटामिनसारखी शिरेतून द्यायची भुलीची औषधं उलट लाट उंचावतात!

त्याहून मोठी उणीव वेगळीच होती. ही लाट संवेदनेच्या वाटेनं जाते. हालचालीचे आदेश मज्जारज्जूच्या दुसऱ्या भागातून उतरतात. त्यामुळे पडद्यावर सगळं ठीक, आणि रुग्ण उठला तर पाय लुळे, असंही घडलं.

१९८० साली मर्टन आणि मॉर्टन यांनी जाग्या माणसाच्या डोक्यावरून विजेचा झटका देऊन स्नायू हलवून दाखवला. तीच पद्धत भुलीत मात्र चालेना. जाग्या मेंदूत एका झटक्यानं आदेशांच्या अनेक लाटा उतरतात: पहिली थेट निघालेली, बाकीच्या सांध्यांवरून आलेल्या. भुलीचं औषध त्या मागच्या लाटा खाऊन टाकतं. उरलेली एकटी पहिली लाट मज्जारज्जूतल्या पेशीला चेतवायला पुरत नाही. १९९३ साली जर्मनीत तानिगुची आणि सहकाऱ्यांनी उघड्या मेंदूवर एका झटक्याऐवजी काही मिलिसेकंदांच्या अंतरानं झटक्यांची माळ दिली. पहिल्या लाटाच एकमेकींत मिळाल्या आणि भुलीतही स्नायू हलला. थोड्याच वर्षांत हीच माळ कवटीवरून देता येऊ लागली.

तोवर प्रोपोफॉल हे शिरेतून द्यायचं भुलीचं औषध आलं होतं. १९८६ साली ब्रिटनमध्ये ते बाजारात आलं. नव्वदच्या दशकात रेमिफेंटानिल या वेदनाशामकाची जोड मिळाली. वायू न वापरता सगळी भूल शिरेतूनच देणं सोपं झालं आणि स्नायूंचे प्रतिसाद टिकू लागले. प्रोपोफॉलही ते दाबतंच, पण त्या मानानं कमी.

स्नायू सैल करणाऱ्या औषधांचं गणित त्याहून चमत्कारिक. क्युरारे १९४२ साली मॉन्ट्रियलमध्ये भुलीत वापरलं गेलं, तेव्हापासून सैल स्नायू ही सर्जनची आवडती सोय. संवेदनेच्या लाटेला ती पथ्यावरच पडते, कारण स्नायूंचा गोंगाट थांबतो. हालचालीची तपासणी मात्र पार आंधळी होते. थायरॉइडच्या ऑपरेशनात स्वरयंत्राची नस तपासताना, कानामागच्या गाठीत चेहऱ्याची नस जपताना हीच अडचण. म्हणून श्वासाची नळी घालण्यापुरताच रोक्युरोनियम या स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा डोस द्यायचा आणि उतरू द्यायचा, असा प्रघात आहे. २००८ साली युरोपात परवाना मिळालेल्या सुगामाडेक्समुळे ते हवं तेव्हा काही मिनिटांत उतरवताही येतं.

तरीही भूल आणि पहारा यांचं भांडण मिटलेलं नाही. लांबलेल्या ऑपरेशनात औषधाचा वेग तोच असला तरी प्रतिसाद तासागणिक मंदावतात आणि झटक्याचा व्होल्टेज वाढवत न्यावा लागतो. लहान बाळांत मेंदूपासूनची वाट पुरती पिकलेली नसते, तिथे प्रोपोफॉलची मात्रा कमी करून केटामिनची जोड देणारे भूलतज्ज्ञ बरेच आहेत.